डांबराची रेघ

आमच्या घरामागच्या सिमेंटच्या टाकीत एक लांबट पत्र्याचा डबा तरंगत असतो. बिस्किटांचा डबा आहे, झाकण कधीच हरवलं. त्याच्या दोन्ही टोकांना लाल नेलपॉलिशच्या बारीक रेघा आहेत. गल्लीतल्या बाया पाणी न्यायला आल्या की विचारतात, "अक्का, हाई काय शे व?" मी म्हणते, "हेमराजचं जहाज." त्या हसतात. म्हातारीच्या डोक्यात थोडं पाणी शिरलंय, असं म्हणत असतील. म्हणोत. डोक्यात शिरलेलं पाणी परवडतं.

हेमराज माझा नातू, माझ्या भटूचा आणि उषाचा मुलगा. आमच्या नरडाण्यातून कारखान्यात गेलेली पोरं पोत्यानं मोजावी इतकी आहेत, जहाजावर गेलेला हा एकटा. आणि तोही असा, की ज्याला पाण्याची लहानपणापासून भीती.

भोयाच्या घरात पाण्याला भिणारं पोर जन्मावं, ही देवानं केलेली थट्टाच. त्याचे आजोबा झिपरू, म्हणजे आमचे हे, तापीवर नाव चालवायचे. पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. माणसं, सायकली, शेळ्या, बाजाराची पोती, एकदा तर घोड्यासकट नवरदेव, सगळं त्या नावेतून पलीकडे गेलंय. नावेच्या अंगावर बाहेरून ह्यांनी डांबराची एक रेघ ओढली होती. पाणी त्या रेघेला टेकलं की वल्हं आडवं धरायचे. मग पुढे फौजदार उभा असो की सावकार. "शेठ, तुम्ही पुढल्या फेरीले या. तुमच्या एकट्यात दोन माणसं मावतात," असं तोंडावर सांगायचे. पंचवीस-तीस वर्षं नाव चालवली, एक शेळीसुद्धा बुडवली नाही.

आमचं घर तेव्हा काठावर, उंचावर होतं. दारातून ती रेघ दिसायची. संध्याकाळी शेवटची फेरी आली की मी बघत राहायची. रेघ पाण्यात असली म्हणजे माणसं नावेत. रेघ पाण्यावर चांगली चार बोटं आली म्हणजे माणसं उतरली, आपापल्या घरी निघाली, आणि आता आमचे हेही येणार. ती रेघ बघून मी तवा ठेवायची. नाव वर आली म्हणजे घरचा माणूस घरी आला. मला शाळेत जे काही शिकवलं ते विसरले, हे विसरले नाही. ते विसरले असते तर पुढे गूळ वाटायची वेळ आली नसती.

पूल झाला आणि नाव अंगणात पालथी पडली. हेमराज तेव्हा रांगत होता. मोठा झाल्यावर त्या पालथ्या नावेवर बसून अभ्यास करायचा, नदीकडे पाठ करून. इतर पोरं पुलावरून उड्या मारायची, हा त्यांचे कपडे सांभाळायचा. आम्ही नरडाण्याला आलो तेव्हा सगळ्यांत आनंद त्यालाच झाला, कारण इथे रेल्वे होती, नदी नव्हती.

पण पोर गणितात हुशार. आळशी नाही, सावकाश. जेवायला बसला की वाढलेलं आधी बघून घ्यायचा, भाकरीचे तुकडे आणि भाजी शेवटच्या घासाला बरोबर संपले पाहिजेत. उषा वैतागायची, "जेवतो का हिशोब करतो?" धुळ्याला कॉलेजात असताना कुणीतरी त्याच्या कानात जहाजाचं भरलं. मी म्हटलं, "तुले तर टाकीत उतरवत नही." तो म्हणाला, "मोठमाय, जहाजावर पाण्यात उतरावं लागत नाही. पाण्यापासून लांब राहायचं, हेच तर काम असतं." कोर्स केला, परीक्षा दिल्या, सेकंड मेट, म्हणजे जहाजावरचा अधिकारी झाला. पांढऱ्या शर्टावर पट्ट्या लावून पहिल्यांदा आला तेव्हा भटूनं त्याला स्टेशनपासून घरापर्यंत चालत आणलं. रिक्षात बसवला असता तर दिसला कुणाला असता?

त्याचं तिथलं एक काम मला फार आवडायचं. जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला बाहेरून आकडे रंगवलेले असतात. सकाळी ते बघायचे, जहाज पाण्यात किती बसलंय ते लिहायचं. ते लोक त्याला ड्राफ्ट म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे आजोबाचीच रेघ ना रे?" तो हसला. "तीच. फक्त आजोबाची एक होती, माझ्या पुष्कळ आहेत."

गेल्या वर्षी तो एका जुन्या छोट्या मालवाहू जहाजावर गेला. कुठल्याशा परदेशी बंदरावर माल उतरवला, आणि त्यानंतर मालकानं फोन उचलणं बंद केलं. बंदराची देणी राहिली, म्हणून बंदरवाल्यांनी जहाज अडवलं आणि काठापासून लांब, खोल पाण्यात नांगर टाकून उभं करायला लावलं. खलाशांनी म्हटलं, आम्हाला घरी जाऊ द्या. बंदरवाले म्हणाले, जहाज बेवारस सोडता येत नाही, कमीत कमी पाच माणसं वर पाहिजेत. कप्तान आजारी म्हणून गेला, कुणी ओळखीनं गेले. उरले पाच. त्यात सर्वांत मोठा अधिकारी म्हणजे आमचा हेमराज. घरात वाढताना कधी भाजीची वाटी आधी मागून घेतली नाही त्यानं. तिथं मोठेपण मात्र त्याच्या पानात आपोआप पडलं.

फोन रविवारी दुपारी यायचा. जहाजावरचं वीज देणारं मशीन डिझेलवर चालतं, ते थोडा वेळच लावायचे आणि त्यात फोन चार्ज करायचे. उषा आधी बोलायची, रडायची. मग फोन माझ्याकडे.

"जेवना का रे?"

"जेवनू, मोठमाय."

"काय खादं?"

"भात."

"आणि?"

"आणि भात."

एका रविवारी मी विचारलं, "बाकी काय खबर?" सांगायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून म्हणाला, "जहाज वर ई राहिनं. मागून दोन बोटं वर आलंय."

मला काय वाटलं असेल? जे काठावरच्या दारात उभं राहून आयुष्यभर वाटलं तेच. नाव वर आली. माणूस उतरायला लागला. मी फोन उषाच्या हातात दिला आणि गुळाचा खडा फोडला. शेंगदाणे घातले आणि अख्ख्या गल्लीत वाटले. "हेमराजचं जहाज वर आलं, पोरगं घरी ई राहिनं." भटूनं कारखान्यात सांगितलं. तिथे कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला. आमच्याकडे हार तयारच असतात, कारण सापडायचाच काय तो उशीर.

पुढच्या रविवारी हेमराजनं माझ्याकडून गुळाचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मोठमाय, आईला फोन देऊ नको. तू फोन घेऊन टाकीवर जा. व्हिडिओ लावतो. एखादा लांबट डबा घे आणि गहू घे."

मी टाकीच्या कट्ट्यावर फोन उभा केला. तो सांगेल तसं करत गेले. आधी कणकेची एक भिंत लावून डब्याचे दोन कप्पे केले. मागचा कप्पा म्हणजे इंजिन, डिझेलच्या टाक्या, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, माणसं. पुढचा मोठा कप्पा मालाचा. माल तर उतरलेला, म्हणून तो रिकामा. मागच्या कप्प्यात गहू भरला, डबा पाण्यात सोडला. मागून बसला, पुढून नाक वर. त्याची बहीण मृणाली सासरी गेली तेव्हा राहिलेली नेलपॉलिशची बाटली होती, त्या नेलपॉलिशनं पाणी जिथे टेकलं तिथे मी दोन्ही टोकांना रेघ ओढली.

"आता मागचा एक मूठ गहू काढ."

काढला. मागची रेघ पाण्यावर आली.

"काय काढलंस?"

"गहू."

"नाही. आम्ही जाळलेलं डिझेल, प्यायलेलं पाणी, खाल्लेला तांदूळ. आमच्या ह्या जहाजातून नऊ टन वजन गेलं की ते एक सेंटीमीटर वर येतं. सगळं मागूनच जातं, म्हणून शेपटी वर येते आणि नाक नखभर खाली झुकतं. नाक थोडं झुकलं तर घाबरू नको, ते व्हायचंच. पण वर येतं म्हणजे..."

मी डब्यात बघत होते. मागचा कप्पा अर्धा झाला होता.

"म्हणजे संपत चाललंय," मी म्हटलं.

"हो."

"मग मी गूळ कसाचा वाटला रे?"

तेव्हा तो हसला. खरंच हसला. म्हणाला, "तांदळाचं एवढं नाही, मोठमाय. पाच माणसं वर्षभर खातील तरी जहाजाला कळणार नाही. जहाजाला डिझेल कळतं आणि पाणी कळतं." म्हणजे माझं पोर उपाशी राहिलं तरी त्या लोखंडाला पत्ता लागणार नव्हता. हे मी मनात ठेवलं.

मागून उषा ओरडली, "आत्याबाई, पाण्यात काय खेळी राहिन्यात?" मी म्हटलं, "तुझ्या पोराला आंघोळ घालते."

त्या दिवसापासून डबा टाकीतच राहिला. रविवारी हेमराज दोन आकडे सांगायचा, नाकाचा आणि शेपटीचा. मी तेवढा गहू काढायची आणि रेघ ओढायची. शेपटीच्या रेघा वर वर जात राहिल्या. आकडे बघायला त्याला दोरीच्या शिडीवरून बाहेर लटकावं लागतं, हे त्याच्या तोंडून एकदा निसटलं. मी विचारलं, "पाण्याची भीती गेली का मग?" म्हणाला, "नाही. डोळे आकड्यावर ठेवतो, पाण्याकडे बघत नाही." लहानपणी नदीकडे पाठ करून बसायचा, तसंच.

गूळ वाटला ती माझी चूक होती, हे उषाला मी सांगितलं. ती पुष्कळ रडली, पण तिला एक गोष्ट पक्की कळली की वर येणं वाईट. मग उन्हाळ्याच्या शेवटी तिथल्या कुठल्याशा धर्मादाय संस्थेनं बोट पाठवली. पिण्याचं पाणी, थोडं डिझेल, कांदे-बटाटे. त्या रविवारी हेमराज म्हणाला, "शेपटी दोन बोटं खाली गेली." उषानं देवापुढे दिवा लावला. त्या दिवशी त्यानं बटाट्याची भाजी खाल्ली होती आणि तिचं वर्णन दोनदा केलं. वर येणं वाईट तर खाली जाणं चांगलं, असं उषानं मनाशी धरलं. चूक तिची नाही. माझ्या रेघेवरून शहाणी झालेली ती.

श्रावण लागला. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी येते. घरात तिचे रोट, म्हणजे जाड पोळ्या करतात, त्याचा गहू घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ मोजून घेतात. तो वेगळा दळतात आणि ते पीठ घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचं, बाहेरच्याला द्यायचं नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचं. माणूस परगावी असला तरी त्याच्या नावाची मूठ पडते. हे गेल्यापासून आमच्या घरात पुरुष दोनच, भटू आणि हेमराज.

कानबाईच्या आदल्या रविवारी हेमराजचा फोन आला नाही. आकडे आले, मोबाइलवर लिहून. उषानंच वाचले आणि अंगणातून ओरडत आली.

"आत्याबाई! जहाज खाली गयं! वीतभर! माल उना!"

तिनं मला मिठी मारली. भटू दाढी करत होता, तो अर्ध्या दाढीनिशी बाहेर आला. "कोणी पाठवला माल?" उषा म्हणाली, "कोणी का पाठवेना. वीतभर म्हणजे किती व आत्याबाई? मागच्या वेळी दोनच बोटं होती." आणि ती लगेच चणाडाळ निवडायला बसली, कारण पुरणपोळी तर करायलाच हवी होती.

मी तिच्याकडून फोन घेतला आणि आकडे बघितले. वाचायला मी कच्ची, पण आकडे मला येतात. वीतभर खाली गेलं होतं ते नाक. शेपटी बोटभर वर आली होती.

मी टाकीवर गेले. मागच्या कप्प्यात मूठभर गहू टाकून बघितला, जणू माल आला. शेपटी खाली गेली, नाक वर. तो काढला. मग मागचाच आणखी थोडा काढला, जणू नुसतं खाणंपिणं झालं. शेपटी वर, नाक नखभर खाली. नखभरच. वीतभर काही केल्या होईना. शेवटी पुढच्या रिकाम्या कप्प्यात गहू टाकला. एक मूठ, दुसरी, तिसरी. नाक खाली गेलं, आणि शेपटी बोटभर उचलली. जसं त्यानं लिहिलं होतं तसं.

पुढच्या कप्प्यात डिझेल ठेवत नाहीत. पिण्याचं पाणी ठेवत नाहीत. तिथे माल असतो, आणि माल तर कधीच उतरला. मग तिथे काय आलं?

सगळ्या जुन्या नावांना हे होतं. आमच्या नावेतही पावसाळ्यात बुडाशी पाणी यायचं. हे डबड्यानं उपसायचे आणि मला म्हणायचे, "ओझं चढताना दिसतं, हे दिसत नाही."

मी फोन लावत राहिले. संध्याकाळी उषा दळण टाकायला गेली तेव्हा लागला.

"पुढे काय शे रे?" मी विचारलं.

"आई जवळ आहे का?"

"नही, दळण टाकायला गेली. पुढे पावसाचं पाणी शे का?"

"थोडं पावसाचं."

"आणि?"

"समुद्राचं, मोठमाय." मग हळू आवाजात, "पत्रा गंजलाय. कुठून येतंय ते सापडत नाही."

"पंप नही का?"

"आहे. पंपाला डिझेल लागतं. पंप चालवला की जहाज वर येतं, पण डिझेल संपतं. पंप बंद ठेवला की डिझेल राहतं, पण पाणी येतं. मी दोन्हीचा हिशोब मांडतो रोज."

"मग?"

"शेवटच्या घासाला भाकरी आणि भाजी बरोबर संपत नाहीत."

मी विचारलं, छोटी होडी असेल ना, जीव वाचवायची? म्हणाला, आहे, पण ती खाली सोडायचं यंत्र गंजून बसलंय. बंदरवाल्यांना कळवलं? रोज कळवतो, ते म्हणतात नोंद घेतली. मालक? तो हसला. ते हसू गुळाच्या वेळचं नव्हतं.

"तू रडी राहिना का?"

"नही." मग म्हणाला, "आईला काय वाटलं आकडे बघून?"

"माल आला असं वाटलं. पुरण घालतेय."

"राहू दे मग तसंच. मला वाटलंच होतं तिला तसं वाटेल. तुला नाही वाटणार हेही वाटलं होतं, पण दोन्ही आकडे लिहिल्याशिवाय मला राहवेना. मोठमाय, कुणालातरी एकाला खरं माहीत पाहिजे ना."

"हो रे बाप्पा."

"जेवली का तू?"

मी म्हटलं, जेवले.

त्यानंतर फोन नाही. आकडे येत होते, तेही एक-दोन वेळाच. नाक खाली, आणखी खाली. शेपटी वर. उषा फक्त नाकाचा आकडा वाचायची, कारण आनंद तिथे होता.

कानबाईच्या दिवशी गहू मोजायला उषा बसली. भटूच्या नावाची सव्वा मूठ तिनं नेमानं घेतली. हेमराजच्या नावाला तिनं मूठ अशी भरली की दाणे बोटांमधून सांडायला लागले. मी म्हटलं, "सव्वाच घे. नेम असतो." ती म्हणाली, "जास्त गेलं तर जाऊ द्या. आता त्याच्याकडे भरपूर आहे, आमच्याकडे पण असू द्या." सांडलेले दाणे मी वेचले. रोट झाले. हेमराजच्या वाटचं आम्ही तिघांनी पौर्णिमेच्या आत संपवलं, कारण उरवायचं नसतं. मला दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. तरी संपवलं.

आता आकडेही येत नाहीत. भटू बंदरांच्या कुठल्या कुठल्या कचेऱ्यांना फोन लावतो. पलीकडून इंग्रजीत एक बाई बोलते आणि मग गाणं लागतं. ते गाणं ऐकत तो अंगणात फेऱ्या मारतो. तो काही विचारत नाही, मी काही सांगत नाही. उषा मात्र चांगली आहे. बऱ्याच महिन्यांनी ती रात्री झोपते. शेजारणींना सांगते, "माल आला की लावायला, मोजायला वेळ लागतो. पाचच माणसं, त्यात हा मोठा साहेब. फोन कधी करेल?"

सकाळी ती टाकीवर भांडी घासायला येते. डब्याकडे बघते. पुढच्या कप्प्यात मी मुठी टाकत आले, शेवटच्या आकड्यापर्यंत. त्यापुढे टाकलेल्या नाहीत. नाकाची पहिली रेघ आता पाण्याखाली लांब, लालसर दिसते.

"आज किती खाली, आत्याबाई?"

"कालच्याएवढंच," मी म्हणते.

"असू द्या," ती म्हणते आणि तवा राखेनं घासायला लागते. "भरलेलं आहे तेवढं पुरेल त्याले."